हिंसक कार्टून, निर्धास्त भाऊ आणि घाबरलेली बहीण

ओवीचा बाबा

नमस्कार मंडळी. मुलगा अकराचा, मुलगी पाचची. मुलगा टॅबवर मारधाडीचं एक कार्टून बघत होता आणि ही त्याच्या खांद्यावरून डोकावत होती. त्यात एक हसरे काका असतात. चांगले गोड बोलत असतात आणि बोलता बोलता चेहरा मधोमध फाटून आतून भलतंच काहीतरी बाहेर येतं. भावाला जाम मजा आली. हिने तेव्हा हूं की चूं केलं नाही.

रात्री झोपवायला गेलो तर माझे गाल चाचपायला लागली. मला वाटलं लाडात आलीय. मग बोटं हनुवटीखाली गेली, कानामागे गेली. मुखवट्याची कड शोधत होती! तेव्हापासून रोज ही तपासणी. पास झालो की झोपायचं, तेही दिवा चालू ठेवून. बाथरूमला गेली की मी दाराबाहेर उभं राहून अखंड बडबड करायची. जरा थांबलो की आतून, "बाबा, तूच आहेस ना?"

गंमत अशी की घरात काळजी सगळी मुलाची. आजोबांच्या मते हे असलं बघून पोरगा उद्या कुणाचं तरी डोकं फोडणार. तो उशांना लाथा घालतो, तोंडाने ढिशुम ढिशुम करतो आणि अंथरुणाला पाठ टेकली की ढाराढूर. मुलीला मात्र सगळे एकच सांगतात, "अगं, ते खोटं असतं." ती म्हणते, "माहितीये." आणि परत गाल चाचपते.

नेटवर शोधलं तर जिकडेतिकडे "मुलं हिंसक होतात का" हाच घोळ. जी घाबरतात त्यांचं काय करायचं?

पाटीपेन्सिल

बाबा, मी बालसमुपदेशन करते. तुमची लेक वयाला धरूनच वागतेय.

या वयात जे दिसतं तेच खरं. जोअॅन कँटर या अमेरिकन संशोधिकेने मुलांच्या या भीतीवर बरंच काम केलंय. 'द इन्क्रेडिबल हल्क' मालिकेत साधा माणूस संतापला की हिरवा धिप्पाड हल्क होतो आणि संकटातल्यांना वाचवतो. मोठी मुलं घाबरायची ती त्याच्या आधी, माणसावर संकट आलेलं असताना. बालवाडीतली घाबरायची ती तो बदलायला लागला की. हा वाचवायला आलाय, हे त्यांच्या गावीही नसायचं. तुमच्या ओवीला तर ओळखीच्या चेहऱ्यावरचाच भरवसा उडवणारं दृश्य दिसलंय. मारामारी तिने पाहिली तरी असेल की नाही कोण जाणे.

"ते खोटं असतं" याचीही परीक्षा झालीय. चेटकिणीचा एक प्रसंग बघताना "हे खरं नाही हे लक्षात ठेव" असं सांगितल्यावर नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांची भीती कमी झाली. तीन ते पाचच्या मुलांना काडीचा फरक पडला नाही. लहानांना समजावून भागत नाही, काहीतरी करायला द्यावं लागतं.

तेव्हा तपासणी होऊ द्या, उलट तुम्हीच गाल पुढे करा. दिवाही राहू द्या. मग एखाद्या दिवशी भरदिवसा, तिच्या डोळ्यांदेखत स्वतःचा अर्धाच चेहरा रंगवा. धुऊन दाखवा. पुढच्या वेळी ब्रश तिच्या हातात. नको म्हणाली तर तिथेच थांबा. आणि "भीती मोडायला" तो प्रसंग परत दाखवायचा हट्ट कुणी केला तर टॅब लपवा. झोपेचं फारच खोबरं झालं किंवा शाळेत जायलाच नाही म्हणू लागली, तर डॉक्टरांना दाखवा.

शंकासूर

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी आजोबांशी भांडायला आलोय.

डोकं फोडण्याच्या भाकितामागे बहुतेक वेळा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बॅन्ड्युरांची बाहुली असते. १९६१ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर प्रयोग झाला. मोठी माणसं हवा भरलेल्या बाहुलीला बडवताना ज्यांनी पाहिली, त्या मुलांनीही तिला बडवलं. १९६३ साली तेच फिल्म दाखवून केलं, तरी तसंच. मुलं नक्कल करतात हे कबूल. पण ती बाहुली पाडली की परत उभी राहणारी, म्हणजे बडवण्यासाठीच बनवलेली. शिवाय छान खेळणी दाखवून, काढून घेऊन, मुलांना आधी चिडवलेलं होतं. यावरून पोरगा उद्या काय करेल ते कसं कळणार?

अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये हिंसक गेम्सबद्दल सांगितलं ते असं: आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी लहानसा संबंध दिसतो, पण खऱ्याखुऱ्या हिंसाचाराचं खापर गेम्सवर फोडण्याइतका पुरावा नाही. उशांना लाथा पहिल्या खात्यात जमा करा.

पाटीपेन्सिल

शंकासूर, उशीपर्यंत ठीक. पण त्या मालिकांत मार खाणाऱ्याला दुखतं का हो? नायक दहा जणांना लोळवतो, कुणी कण्हत नाही, टाके पडत नाहीत, वर नायकाला टाळ्या. किती मारामारी आहे हे मोजण्यापेक्षा मी ते बघते. अकराच्या मुलाशी यावर मस्त गप्पा होतात, उपदेश न करता. "हा पडला तो घरी कसा गेला असेल रे?" एवढं विचारून बघा.

खिडकीतली

आमच्याकडे कार्टून नव्हतंच, बातम्या होत्या. मुलगी नऊ वर्षांची. टीव्ही कुणी बघत नाही, नुसता चालू. एका अपघाताचं तेच दृश्य दिवसभर, आणि ती विचारते, "अजून किती गाड्या आदळणार?" टीव्हीच्या परिणामांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर म्हणायचे की टीव्ही खूप बघणाऱ्याला जग आहे त्याहून धोकादायक वाटू लागतं. ते मोठ्या माणसांनाही लागू आहे. आमच्या सासूबाई गुन्हेगारीच्या मालिका लागल्यापासून दाराला दोन कड्या लावतात.

ओवीचा बाबा

सगळ्यांचे आभार. अर्धा चेहरा रंगवला. पाच मिनिटं दारामागून बघत होती, मग येऊन म्हणाली, "नाक राहिलं." नाक तिनेच रंगवलं, निळं. दिवा अजून चालूच आहे. घाई नाही.

मुलाला तो प्रश्न विचारला. म्हणाला, "रिक्षाने." पुढे विचारणार इतक्यात स्वतःच, "पण दात पडलेत त्याचे, बोलणार कसा?" विषय निघाला तर खरा.

आता आजोबांच्या रात्री नऊच्या बातम्यांचं काय करायचं ते सांगा. पोरांच्या टॅबवर त्यांची करडी नजर, पण स्वतःच्या रिमोटला कुणी हात लावायचा नाही.

शंकासूर

हेडफोन घेऊन द्या. चित्र दिसायचं ते दिसणारच, पण निदान तो किंचाळणारा निवेदक तरी एकट्या आजोबांच्या वाट्याला येईल.