कोकणात जन्मलेले आणि कोकणात वारलेले: फलकासाठी नावं हवीत

मांडवीकर:
नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयात एक मोठा फलक लावायचा ठरलाय, एका बाजूला कोकणात जन्मलेली मोठी माणसं आणि दुसऱ्या बाजूला कोकणात वारलेली. जन्माची बाजू भराभर झाली. टिळक रत्नागिरीचे १८५६ चे, साने गुरुजी पालगडचे, विनोबा पेणकडच्या गागोद्याचे, केशवसुत मालगुंडचे, बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. पण दुसऱ्या बाजूला काय लिहू? टिळक आणि साने गुरुजी मुंबईत गेले, विनोबा पवनारला, केशवसुत तर पार हुबळीला. आणि बाबासाहेब कुठे घ्यायचे? मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे पण जन्म महूचा.

गडाखालचा:
अहो रायगड विसरलात की काय? शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० ला रायगडावर गेले आणि जिजाऊसाहेब त्याआधी १७ जून १६७४ ला खाली पाचाडात, राज्याभिषेक होऊन जेमतेम ११ दिवस झाले होते, समाधी आहे तिथे. महाराजांचं नाव सगळ्यात वर हवं. कान्होजी आंग्रे पण घ्या, १७२९, समाधी अलिबागमध्येच.

भाट्येकर:
थिबा राजाला सोडू नका प्लीज. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ ला इंग्रजांनी मंडालेतून उचलला आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला, राजवाडा बांधून मिळायला १९१० उजाडलं आणि १९१६ ला इथेच गेला. म्हणजे आयुष्याची तीस वर्षं रत्नागिरीत, राज्य केलं त्याच्या कितीतरी पट. राणी सुपयालत नंतर रंगूनला परत गेली पण त्याचं थडगं इथेच राहिलं. २०१२ ला म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम ते बघायला आले होते, आणि आपली पोरं थिबा पॉइंटला फिरायला जातात पण थिबा कोण ते त्यांना माहीत नसतं, वाईट वाटतं खरंच. जन्म मंडाले, मृत्यू रत्नागिरी असं दोन्ही लिहा.

शेरवलीची_लेक:
दुसरी बाजू रिकामी दिसते त्याला कारण आहे ना दादा. शिकायचं, परीक्षा द्यायची, छापखाना काढायचा तर माणूस घाट चढायचा नाहीतर मुंबई गाठायचा. महर्षी कर्वे आमच्या शेरवलीत जन्मले, वाढले मुरूडला, परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून तिथे त्यांना बसूच दिलं नाही! शेवटी पुण्यात १९६२ ला गेले, वयाची शंभरी ओलांडून. वासुदेव बळवंत फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे, त्यांना मरण आलं एडनच्या तुरुंगात १८८३ ला. म्हणून माझं मत, प्रत्येक नावापुढे जन्मगाव आणि मृत्यूचं गाव दोन्ही लिहा, आणि बाबासाहेबांसाठी मूळ गावाचा तिसरा रकाना करा, आंबडवे ठळक अक्षरात. त्यांना वगळून कोकणचा फलक होऊच शकत नाही.

मांडवीकर:
तिसरा रकाना नक्की करतो, ताई. आणि थिबा राजा महाराजांच्या बाजूलाच घेतो. सिंधुदुर्गातल्या लोकांनी पण नावं सुचवा ना, तिकडचं एकटे बाळशास्त्रीच आलेत अजून.