एचपीटीएसमध्ये चालणारा क्लोराइड-वाहक इलेक्ट्रोडवर ढिम्म का?

थर_पलीकडे:
वाहक म्हणजे लहान पोकळीचा मॅक्रोसायकल (कड्यासारखा रेणू), आतल्या बाजूला क्लोराइड धरायला थायोयुरियाचे चार एन-एच. पीओपीसी या लिपिडचे २०० नॅनोमीटरचे लायपोसोम (द्रावण भरलेले लिपिडचे सूक्ष्म फुगे).

एचपीटीएस चाचणी (लायपोसोममध्ये कोंडलेला हा रंग पीएचप्रमाणे चमक बदलतो): आत-बाहेर १०० मिलिमोलार सोडियम क्लोराइड, हेपेस बफर, पीएच ७.०, बाहेरचा पीएच एकदम चढवायला सोडियम हायड्रॉक्साइडचा झटका. लिपिड ०.१ मिलिमोलार, वाहक लिपिडच्या २ मोल टक्के. पीएचमधला फरक तीनेक मिनिटांत संपतो.

इलेक्ट्रोड चाचणी (बाहेर आलेलं क्लोराइड मोजणारी): आत सोडियम क्लोराइड, बाहेर सोडियम नायट्रेट (दोन्ही ४८९ मिलिमोलार), लिपिड १ मिलिमोलार, वाहक तेवढेच मोल टक्के. पाच मिनिटांत जेमतेम ४ टक्के क्लोराइड बाहेर. शेवटी डिटर्जंट टाकल्यावर पूर्ण क्लोराइड दिसतं, म्हणजे इलेक्ट्रोड ठीक आहे. मग खरं कुठलं मानायचं?

क्लोराइड_कट्टा:
दोन्ही खरं. तुम्ही दोन वेगळे प्रश्न विचारताय. इलेक्ट्रोडवर एक क्लोराइड बाहेर गेला की एक नायट्रेट आत यावा लागतो, नाहीतर पटलावर विभव साचतं आणि सगळं थांबतं. लहान पोकळीत नायट्रेट नीट बसत नसेल तर तिथेच अडलं. एचपीटीएसमध्ये नायट्रेटचा संबंधच नाही. तिथे क्लोराइड आणि प्रोटॉन जोडीने बाहेर पडले की झालं.

लायपोसोम फुटतायत ही शंका मात्र इथेच मिटते. फुटले असते तर क्लोराइडही गळलं असतं.

आता नायट्रेट काढून टाका. आत ३०० मिलिमोलार पोटॅशियम क्लोराइड, बाहेर तेवढंच पोटॅशियम ग्लुकोनेट (ग्लुकोनेट सहसा पटल ओलांडत नाही), पीएच ७.२. एकदा व्हॅलिनोमायसिनबरोबर (ते नुसतं पोटॅशियम पलीकडे नेतं), एकदा मोनेन्सिनबरोबर (ते पोटॅशियमच्या बदल्यात प्रोटॉन आणतं). व्हॅलिनोमायसिनबरोबर क्लोराइड बाहेर आलं तर तुमचा रेणू एकटा क्लोराइड नेतो आणि अडचण नायट्रेटचीच. फक्त मोनेन्सिनबरोबर आलं तर क्लोराइड-प्रोटॉन जोडवाहतूक. नुसतं व्हॅलिनोमायसिन, नुसतं मोनेन्सिन आणि नुसता वाहक, या तिन्ही रेषा काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

थर_पलीकडे:
आत्ताच्याच सोडियम क्लोराइड भरलेल्या लायपोसोमवर व्हॅलिनोमायसिन चालेल का?

क्लोराइड_कट्टा:
नाही. ते पोटॅशियम नेतं, सोडियमला जवळजवळ हात लावत नाही. लायपोसोम नव्याने भरावे लागतील.

फिल्म_आणि_फिल्टर:
त्याआधी एक साधी गोष्ट तपासा. मोल टक्के सारखे असले तरी इलेक्ट्रोडच्या भांड्यात वाहक दसपट आहे: एकीकडे २ मायक्रोमोलार, दुसरीकडे २०. मॅक्रोसायकल पाण्यात पडताक्षणीच साका होऊन बसला तर पटलापर्यंत पोचणारच नाही. लायपोसोम न घालता नुसत्या बफरमध्ये वाहकाचं डीएमएसओ या विद्रावकातलं तेवढंच द्रावण टाका आणि ६०० नॅनोमीटरला गढूळपणा मोजा.

गढूळ दिसलं तर वाहक क्लोरोफॉर्ममध्ये लिपिडबरोबरच मिसळून, सुकवून फिल्म करा आणि तिच्यापासून लायपोसोम बनवा. पण असे लायपोसोम इलेक्ट्रोड चाचणीला वापरू नका. बाहेरचं क्लोराइड कॉलममधून काढेपर्यंतच आतलं निसटायला लागतं. त्याऐवजी ल्युसिजेनिन घ्या, म्हणजे क्लोराइडने मंदावणारा चमकता रंग. आत-बाहेर २२५ मिलिमोलार सोडियम नायट्रेट, आत ल्युसिजेनिन, आणि मोजणी सुरू केल्यावर बाहेर २५ मिलिमोलार सोडियम क्लोराइड. क्लोराइड आत शिरलं की चमक उतरते. ही देवाणघेवाणही क्लोराइड-नायट्रेटचीच, म्हणून उत्तर स्वच्छ मिळतं: इथे चाललं तर इलेक्ट्रोडवर वाहक पटलात पोचत नव्हता, इथेही अडलं तर नायट्रेट.

प्रोटॉन_वाट:
वरचं सगळं पटलं, पण एचपीटीएसमधला प्रोटॉन तुमचाच रेणू नेतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. लिपिडमध्ये मुक्त मेदाम्लं उरलेली असतात. ती पटलात उलटसुलट होताना प्रोटॉन पलीकडे नेतात, आणि असा रेणू त्यांचा कार्बोक्सिलेट धरून त्या कामाला आणखी वेग देतो. मोनेन्सिनच्या रेषेलाही हेच लागू. मेदाम्लरहित बीएसए (मेदाम्लं शोषून घेणारं अल्ब्युमिन प्रथिन), लिपिडच्या १ मोल टक्का, टाकून दोन्ही चाचण्या पुन्हा करा. वेग कोसळला तर प्रोटॉन मेदाम्लं नेत होती.

मग ग्रॅमिसिडिन टाकून बघा, ते प्रोटॉनला पटलातून वाट करून देतं. वेग परतला तर क्लोराइड नेण्याचं काम रेणू स्वतः करतोय. मात्र ग्रॅमिसिडिन सोडियमलाही वाट देतं, त्यामुळे सोडियम क्लोराइडमध्ये ही चाचणी फसते. एन-मिथाइल-ग्लुकॅमाइनचं क्लोराइड घ्या (त्याचा मोठा आयन ग्रॅमिसिडिनमधून जात नाही) आणि झटकाही त्याच अमाइनचा द्या.