विषय: भाईंच्या ठेवीचा चेक नक्की कोणाच्या नावाने?

खजिनदार:
मंडळी, शनिवारी ऑडिटर येतोय, त्याआधी वारलेल्या भाईंची मंडळाकडची ४८,००० ची ठेव मोकळी करायची आहे. फॉर्मवर नॉमिनी त्यांची बायको, म्हणजे वहिनी, चेक लिहून तयार, आणि काल वहिनींच्या धाकट्या दिराचा फोन की शरियतप्रमाणे माझाही हिस्सा निघतो, परस्पर सगळे दिलेत तर आक्षेप घेईन. मी काय करू ते आजच सांगा. मागच्या स्पीकरच्या वादासारखं पन्नास मेल करून शेवटी "अध्यक्ष ठरवतील" असं नको.

श्रीकांत:
ठरवायचंय काय त्यात, नॉमिनी म्हणजे नॉमिनी. आमच्या आईच्या पोस्टातल्या पैशांना मामा आडवे आले होते, पोस्टमास्तरने फॉर्म दाखवला, मामा चहा पिऊन परत गेले. शरियत मंडळाच्या घटनेत कुठे बसते? ज्या इंदूरहून शाहबानो सुप्रीम कोर्टात गेली तिथे बसून आपण दिराची परवानगी मागायची?

मंदाताई:
श्रीकांत, सुप्रीम कोर्टात ती नव्हती गेली, तिचा नवरा गेला होता, तोही इथलाच वकील. मॅजिस्ट्रेटने तिला महिना २५ रुपये लावले, हायकोर्टाने १७९ रुपये २० पैसे केले, तेवढेही द्यायचे नाहीत म्हणून अपील. १९८५ ला चंद्रचूडांच्या खंडपीठाने ते फेटाळलं. आणि ती भानगड पोटगीची, इथे प्रश्न वारसाचा आहे. नॉमिनीचं म्हणशील तर विम्याच्या एका केसमध्ये १९८४ सालीच कोर्टाने सांगितलंय की नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच.

रुख्साना:
नमस्कार, मी लिस्टवर नवीन आहे, पण विषय आमच्याकडचा म्हणून लिहिते. दीर खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलताहेत. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत म्हणजे मृत्युपत्र असेल तर ते एक तृतीयांशापर्यंत, उरलं त्याची वाटणी. भाईंचे आईवडील नाहीत, बहीण नाही, एकच मुलगी, हे धरलं तर मुलीला निम्मे म्हणजे २४,०००, बायकोला आठवा म्हणजे ६,०००, उरलेले १८,००० भावाला. शिया असते तर मुलगी असताना भावाला काहीच नसतं, पण हे रत्नागिरीकडचे सुन्नी. मात्र मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम, बाकी असेल तर ती कर्जात धरतात, वाटणीच्या आधी द्यावी लागते, तेव्हा निकाहनामा बघा. आमच्याकडे बायका ती मागतच नाहीत आणि घरचेही आठवण करून देत नाहीत. दिरांनी आता हक्क सोडून लिहून दिलं तरी चालतं. भाई असताना लिहून दिलं असतं तर ते धरलं नसतं.

श्रीकांत:
जन्मभर संसार केला तिला आठवा आणि ईदलाही न फिरकणाऱ्या भावाला तिप्पट!

रुख्साना:
काका, वडिलोपार्जित घरात मुलीला मुलाइतका हक्क तुमच्याकडे २००५ ला आला. आमच्याकडचा मुलाच्या निम्मा हिस्सा आम्हाला पुरतो असं मी म्हणत नाहीये, हिशोब विचारला म्हणून सांगितला.

अविनाश:
सगळे थांबा जरा. वहिनी मूळच्या देवासच्या, देशस्थांच्या, हे जुन्यांना माहीत आहे. धर्म बदलला नाही, निकाह झाला नाही, म्हणून मेहरही नाही. शरियतने बघितलं तर त्यांना तो आठवाही मिळत नाही, बिगरमुस्लिम म्हणून. पण लग्न १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टखाली मोती तबेल्याला, कलेक्टर कचेरीत झालं, तीस दिवस नोटीस लागली होती, मी साक्षीला होतो. त्या लग्नानंतर वारसाहक्क भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो, शरियतने नाही. बायकोला एक तृतीयांश, बाकी मुलीला. १६,००० आणि ३२,०००. भावाचा प्रश्नच येत नाही.

मंदाताई:
अविनाश, तो दाखला मोती तबेल्याचाच ना? नगर निगमची नुसती नोंदणी असेल तर त्या ॲक्टचं कलम २१, म्हणजे तो उत्तराधिकार कायदा, लागत नाही. आणि एवढं ठाऊक होतं तर सकाळपासून गप्प का होतास?

श्रीकांत:
साक्षीला अविनाश नव्हता, मी होतो. तो हार आणायला राजवाड्यावर गेला होता आणि सगळं उरकल्यावर उगवला.

अविनाश:
सह्या बघ रजिस्टरमध्ये. तिसरी माझी आहे.

खजिनदार:
हार कोणी आणले ते ऑडिटर विचारणार नाहीये. चेक थांबवलाय, ४८,००० देणं म्हणून दाखवतो. मंदाताई, दाखल्याची प्रत तुम्ही मागा, बाकी कोणी खजरान्याला वहिनींकडे फोन करू नका, काल वहिनींना तिघांनी तीन आकडे सांगितलेत. प्रत आली की वहिनी आणि मुलगी असे दोन चेक, नोटरीच्या हमीपत्रावर. दिराला मी कळवतो.

श्रीकांत:
नोटरीचा खर्च कोणाकडे?