मदत हवी आहे: जपानमधील नोकरी सोडायची आहे, पण पुण्यात लिहून दिलेला बाँड आणि वडिलांची जामिनकी आड येते

नमस्कार.

मी तोक्योतील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत अभियंता म्हणून काम करतो. माझी भरती कंपनीच्या पुण्यातील भगिनी संस्थेमार्फत झाली. जपानी करारनाम्यावर सही करण्याआधी या संस्थेने पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर माझ्याकडून एक वेगळा बाँड लिहून घेतला. रुजू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत कोणत्याही कारणाने राजीनामा दिल्यास भाषा प्रशिक्षण, व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांपोटी मी १२ लाख येन एकरकमी भरावेत, असे त्यातले कलम आहे. त्याखाली जामीनदार म्हणून माझ्या वडिलांची सही आहे. माझे पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका यांच्या मूळ प्रती त्याच वेळी 'पडताळणीसाठी' म्हणून घेतल्या गेल्या, त्या आजतागायत परत मिळालेल्या नाहीत.

येथे मला एक वर्ष पूर्ण झाले आहे आणि दुसऱ्या कंपनीचे नियुक्तिपत्रही हाती आले आहे. राजीनाम्याचा विषय काढताच मनुष्यबळ विभागाने सांगितले की दंड भरावा लागेल, तो शेवटच्या पगारातून वळता करून घेतला जाईल आणि व्हिसा रद्द करण्याबाबत कळवले जाईल. त्यानंतर पुण्याहून वडिलांना फोन जाऊ लागले. ते निवृत्त आहेत, आणि 'तुमच्या घरावर नोटीस येईल' असे कोणी त्यांना सांगावे, हे मला अजिबात सहन होत नाही.

जपानच्या बाजूने मी जे वाचले आहे ते आधी मांडतो, म्हणजे त्यात काही चुकत असल्यास जाणकारांना सांगता येईल. १९४७ च्या कामगार मानके कायद्याचे, म्हणजे रोदो किजुन होचे, १६ वे कलम असे सांगते की करारभंगाबद्दल दंडाची किंवा नुकसानभरपाईची रक्कम आधीच ठरवून ठेवणारा करार मालकाने करू नये. केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. तिसऱ्या कलमानुसार राष्ट्रीयत्वावरून कामाच्या अटींत भेदभाव करता येत नाही, त्यामुळे हे संरक्षण परदेशी कामगारालाही तितकेच लागू आहे. प्रत्यक्ष झालेले नुकसान सिद्ध करून मागण्यास १६ वे कलम आडकाठी करत नाही, आणि प्रशिक्षणाच्या खर्चाबाबत तो खर्च कंपनीच्या कामासाठीच होता की कामगाराच्या स्वतःच्या लाभासाठी दिलेले खरेखुरे कर्ज होते, हे तेथील न्यायालये पाहतात. माझे जपानी भाषेचे वर्ग पुण्यातील कार्यालयातच भरत, हजेरी सक्तीची होती, आणि शिकवला जाणारा बराचसा भाग कंपनीच्या ग्राहकांशी ईमेलवर आणि बैठकीत कसे बोलावे हाच होता. त्याला कर्ज म्हणणे मला तरी पटत नाही.

माझा करार तीन वर्षांच्या मुदतीचा आहे. अशा करारात एक वर्ष उलटल्यावर कामगार कळवून केव्हाही काम सोडू शकतो, अशी तरतूद त्याच कायद्याच्या पुरवणीतील १३७ व्या कलमात आहे. काही अपवाद आहेत, पण मी त्यांत बसत नाही. पगार पूर्ण द्यावा, असे २४ वे कलम सांगते, आणि नोकरी सोडल्यावर मागणी केल्यापासून सात दिवसांत थकीत वेतन द्यावे, असे २३ वे. व्हिसाची धमकी तर पोकळच आहे, कारण निवासाचा दर्जा इमिग्रेशन खाते व्यक्तीला देते आणि तो काढून घेण्याचा अधिकार कंपनीला नाही. मला फक्त १४ दिवसांच्या आत इमिग्रेशनला नोकरी बदलल्याची सूचना द्यायची आहे, आणि सबळ कारणाशिवाय तीन महिने कामाविना राहायचे नाही.

खरी अडचण पुण्याच्या बाजूने आहे. बाँड जपानी मालकाशी झालेला नसून भारतातील संस्थेशी झाला आहे आणि त्यात 'पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात' असे लिहिले आहे. काम जेथे होते तेथील सक्तीच्या तरतुदींचा आधार कामगाराला घेता येतो, असे जपानचा कायदानिवडीविषयीचा कायदा म्हणतो, पण पुण्यातील न्यायाधीशांसमोर तो किती उपयोगी पडेल? भारतीय करार कायदा, १८७२ च्या ७४ व्या कलमानुसार ठरलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा असते आणि वाजवी भरपाईच मिळू शकते. तथापि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली, आणि पुण्याचे कार्यालय आता तोच निकाल वडिलांना ऐकवत आहे. ते प्रकरण सार्वजनिक क्षेत्रातील बँकेचे होते आणि नोकरी भारतातली होती. माझ्या प्रकरणाला ते जसेच्या तसे लागू पडू नये, असे मला वाटते.

म्हणून भारतीय करार कायद्याचा व्यवहारात अनुभव असलेल्या सभासदांना माझी विनंती आहे. जामीनदाराचे दायित्व १२८ व्या कलमानुसार मूळ ऋणकोइतकेच असते. मग मूळ अटच बेकायदा ठरली, तर वडिलांवरचा दावा आपोआप पडतो का, की तो त्यांनी स्वतंत्रपणे लढवावा लागेल? कायदेशीर नोटीस आल्यास तिला लगेच उत्तर द्यावे का? मूळ प्रमाणपत्रे अडवून धरल्याबद्दल पोलिसांकडे जाणे योग्य, की वकिलामार्फत मागणी करणे?

जपानमध्ये ज्यांनी कामगार मानके निरीक्षण कार्यालयात तक्रार केली आहे त्यांनी हेही सांगावे, की राजीनामा देण्याआधी जावे की नंतर, आणि बाँड भारतात झाला असल्यास ते कार्यालय लक्ष घालते का. होतेरासु या जपानमधील सरकारी कायदेशीर मदत केंद्राकडून वकिलाचा मोफत सल्ला कोणी घेतला असल्यास तो अनुभवही हवा आहे. राजीनामा मजकूर प्रमाणित करणाऱ्या नाइयो शोमेइ टपालाने पाठवण्याचा माझा विचार आहे, म्हणजे तारीख आणि मजकूर दोन्हींचा पुरावा राहील. महिनाअखेरीपर्यंत तो टाकायचा आहे. तोवर वडिलांनी फोनवर काहीही कबूल करू नये आणि कोणत्याही नव्या कागदावर सही करू नये, एवढे मी त्यांना सांगून ठेवले आहे. याशिवाय त्यांनी आणखी कोणती खबरदारी घ्यावी, तेही कृपया कळवावे.