मदत हवी आहे: सेकंडहँड स्विफ्टचं मीटर मागे फिरवलंय का, कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मेहुण्यासाठी जुनी गाडी बघतोय. पुण्यातल्या एका डीलरकडे २०१८ ची स्विफ्ट डिझेल पसंत पडली. फर्स्ट ओनर, एमएच १२ पासिंग, मीटरवर ५८ हजार. इंजिनाचा आवाज ठीक, एसी गारेगार. मेहुणा तर तिथूनच पेढे आणायला निघाला होता.

शंका आली ती ड्रायव्हरचं दार उघडल्यावर. चौकटीवर ऑइल बदलल्याचं स्टिकर आहे, अर्धवट खरवडलेलं. तारीख २०२१ ची आणि 'पुढील ऑइल चेंज'समोर बॉलपेनने ९५,००० लिहिलेलं स्पष्ट वाचता येतं. म्हणजे तेव्हाच गाडी ८५ हजारांच्या आसपास असणार. क्लच पेडलच्या रबरावरच्या रेघा पार गुळगुळीत, आणि शेजारी ब्रेकचं रबर मात्र कोरं करकरीत!

डीलर म्हणतो, "साहेब, मालकाने मीटरचा कन्सोल बदललाय, आकडा शून्यापासून सुरू झाला." मग त्याच्याच हिशोबाने रनिंग एक लाख चाळीस हजारांच्या पुढे जातं, पण भाव मात्र ५८ हजारवाल्या गाडीचा. हे बोलून दाखवल्यावर, "एवढं कोण बघतं, तुम्ही गाडी बघा."

सर्व्हिस सेंटरवाले रेकॉर्ड मालकालाच दाखवू म्हणतात, आणि डीलर मालकाचा नंबर देत नाही. टोकन अजून दिलेलं नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून खरं रनिंग कळतं का? कन्सोलची गोष्ट खरी असेल तर कागद कुठला मागायचा? की भाव पाडून घेऊनच टाकावी? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

कन्सोल बदलणं शक्य आहे, पण मग त्याचं बिल किंवा जॉबकार्ड (वर्कशॉपमधल्या कामाची नोंद) असतं आणि त्यावर जुनं रीडिंग लिहितात. ते नसेल तर गोष्ट संपली. काही गाड्यांत एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) वगैरेच्या कंट्रोल युनिटमध्ये किलोमीटरची वेगळी नोंद सापडते, सगळ्यांत नाही. त्यामुळे स्कॅनरमध्ये काही निघालं नाही म्हणजे गाडी स्वच्छ असं समजू नका.

मालकाकडे फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. रोज एक्सप्रेसवेवर धावणारी गाडी लगेच कळते. इन्शुरन्स क्लेम झाला असेल तर सर्व्हेअरच्या रिपोर्टवरही रीडिंग असतं. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा: ३५२३ म्हणजे २०२३ चा ३५ वा आठवडा. ५८ हजारांत टायरचा तिसरा जोड चढला असेल तर काय ते समजा.

घेणारच असाल तर रीडिंग डीलरच्या सहीशिक्क्यानिशी पावतीवर लिहून घ्या. पुढे खोटं निघालं तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हेल्पलाइन १९१५. व्यवहार थेट मालकाशी, घरगुती असेल तर हा मार्ग सहसा चालत नाही. मी असतो तर भाव पाडत बसलो नसतो. जो मीटर फिरवतो तो आणखी काय झाकतो, देव जाणे.

धागाकर्ता

फास्टॅगचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! मालकाशी बोलणं करून दिलं तरच पुढे, असं डीलरला कळवतो. पिंपरी-चिंचवडमध्ये स्कॅनरवाला भरवशाचा मेकॅनिक माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.