रक्तदानानंतर रक्त भरून येतं कसं?

वर एका ताईंनी लिहिलंय की एकदा दिलेलं रक्त भरून यायला वर्ष लागतं, म्हणून सासूबाई त्यांना पेठेतल्या गणपती मंडळाच्या शिबिरात जाऊ देत नाहीत. ताई, तसं नाहीये. रक्तातला पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात.

पेशी कमी झाल्या की प्राणवायूचा पुरवठा घटतो. ते मूत्रपिंडांच्या लक्षात येतं आणि ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक वाढवतात. कणा, बरगड्या, छातीचं हाड, कमरेची हाडं यांतल्या मज्जेला हा निरोप मिळाला की मूळ पेशींपासून तांबड्या पेशी जास्त वेगाने घडू लागतात. एरवीही सेकंदाला सुमारे २० लाख तयार होतातच! आणि मला सर्वांत थक्क करतं ते हे, की मज्जेतून निघण्यापूर्वी ही पेशी स्वतःचं केंद्रक, म्हणजे डीएनए असलेला गाभाच, टाकून देते. मग सुमारे १२० दिवस ती त्याविनाच काम करते.

तांबड्या पेशींबरोबर गेलेलं लोह मात्र सावकाश भरतं. म्हणून स्त्रियांनी पुढच्या रक्तदानाआधी ४ महिने थांबायचं, पुरुषांनी ३. शिबिरात आधी हिमोग्लोबिन तपासतात, १२.५ च्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत. सासूबाईंना हे नक्की सांगा.