एका रंगलेल्या कार्यक्रमाने आलेला हुरूप कितपत खरा मानावा?

एकटा गिटारवाला:

मी गिटारवर स्वतःची गाणी गातो. उदरनिर्वाह शिकवण्यांवर चालतो, इंटरनेटवर टाकलेली गाणी ओळखीच्यांपलीकडे फारशी कोणी ऐकत नाही, आणि जिथे वाजवण्याची संधी मिळते तिथे बहुतेक वेळा लोक जेवत आणि गप्पा मारत असतात. अलीकडे तर गिटारच्या पेटीवरची धूळ झटकण्याचाही उत्साह उरला नव्हता, आणि हे सारे थांबवावे असे मी जवळजवळ ठरवले होते.

अशा मनःस्थितीत एका लहान सभागृहात, मुख्य बँडच्या आधी अर्धा तास वाजवण्याचे अनपेक्षित बोलावणे आले. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर कुजबुज थांबली. त्यानंतरच्या गाण्यात मी एका ओळीपुरती गिटार थांबवून नुसत्या आवाजावर गायलो, तेव्हा मागे कोणाची तरी खुर्ची करकरली ती मला मंचावर स्पष्ट ऐकू आली. शेवटच्या गाण्याचे धृपद दुसऱ्या खेपेस लोकांनीच उचलले. ते गाणे त्यांनी त्याआधी कधीही ऐकलेले नव्हते. वन्समोअर आला आणि मी अक्षरशः तरंगत घरी गेलो.

आता प्रश्न असा आहे, की या एका संध्याकाळीवर कितपत भरवसा ठेवावा? ती माझ्या गाण्यांची दाद होती की केवळ त्या दिवशीच्या श्रोत्यांचा चांगुलपणा? आणि आलेला हुरूप विरून जाण्याआधी त्याचे नेमके काय करावे?

जुना कीबोर्डवादक:

मनःपूर्वक अभिनंदन. चांगुलपणाची शंका मला पटत नाही, कारण ते श्रोते आपल्यासाठी आलेच नव्हते. ते मुख्य बँडसाठी आले होते आणि आपल्याशी सौजन्याने वागण्याचे कोणतेही बंधन त्यांच्यावर नव्हते. टाळ्या सौजन्यापोटीही वाजतात. मात्र ओळखदेख नसलेल्या माणसांनी भरलेली खोली सौजन्यापोटी एकाच वेळी गप्प होत नाही, म्हणून आपण सांगितलेली खुर्चीची करकर मला वन्समोअरपेक्षा अधिक मोलाची वाटते.

धृपदाची गोष्टही तपासून पाहण्यासारखी आहे. एकदाच ऐकून लोक एखादी ओळ उचलतात, तेव्हा बहुधा ती आखूड असते, तिचे स्वर न शिकलेल्या गळ्याच्याही आवाक्यात असतात आणि तिच्या आधी लोकांना श्वास घेण्यापुरती जागा मिळालेली असते. आपल्या बाकीच्या गाण्यांत असे कुठे घडू शकते ते शोधावे. त्या दिवशीचा गाण्यांचा क्रम, कोणते गाणे कोणत्या पट्टीत आणि कोणत्या लयीत घेतले, हे आठवणीत ताजे आहे तोवर लिहून ठेवावे. ध्वनिमुद्रण असेल तर ते लगेच ऐकू नये. काही दिवस जाऊ द्यावेत, आणि मग मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत ठोके देणारे यंत्र) शेजारी ठेवून ऐकावे, कारण मंचावरच्या उत्तेजनेत लय नकळत वाढते आणि गाणाऱ्याला मात्र ती अगदी बरोबर वाटत असते.

साउंडवाला:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु सभागृहाच्या वाट्याचे श्रेय त्यालाही द्यायला हवे. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवून बोलतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने 1911 साली मांडले आणि आजही तो परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. जेवणाच्या ठिकाणी गाणाऱ्याचेही नेमके हेच होते: गप्पांच्या वर जाण्यासाठी तो गळा ताणतो, त्याला ऐकू यावे म्हणून आवाज वाढवला की लोक आणखी मोठ्याने बोलतात, आणि हलक्या आवाजात गायच्या ओळी पहिल्याच गाण्यात मारल्या जातात. आपण गिटार थांबवून गायलेली ती ओळ अशा ठिकाणी कोणाच्याही कानांवर पडली नसती.

दुसरा मुद्दा मॉनिटरचा, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू आला, की सूर सांभाळण्याची निम्मी धडपड संपते. मंचावर सर्रास वापरला जाणारा कार्डिऑइड माइक मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर त्या बाजूला ठेवला तर स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी न वाजता बराच आवाज मिळू शकतो. त्या दिवशी मॉनिटर कुठे होता आणि त्यात गळा व गिटार यांचे प्रमाण काय होते, हे तिथल्या साउंडवाल्याला आजच विचारून घ्यावे. (आम्हाला असे कोणी विचारत नाही, विचारले तर आनंदाने सांगतो.) साउंड चेकच्या वेळी रिकामे सभागृह घुमते, परंतु माणसे भरली की त्यांचे कपडे आणि शरीरे विशेषतः वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात, म्हणून रिकाम्या खोलीत ऐकून आवाजाची धार बोथट करायला सांगू नये.

रात्रीचा श्रोता:

मी वादक नाही, केवळ ऐकणारा आहे, तरीही एक ऐतिहासिक उदाहरण नोंदवतो. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडचे दिवस सरले असे अनेकांनी ठरवून टाकले होते. जुलै 1956 मध्ये अमेरिकेतील न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात रात्री उशिरा, काही लोक निघण्याच्या बेतात असताना, त्यांनी 1937 सालची एक जुनी रचना घेतली आणि तिच्या मध्यावर पॉल गोन्साल्व्हिस यांनी टेनर सॅक्सोफोनवर सलग 27 आवर्तने वाजवली. लोक खुर्च्या सोडून नाचू लागले, आणि पुढच्याच महिन्यात एलिंग्टन ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होते.

विशेष म्हणजे त्या महोत्सवासाठी त्यांनी नवी रचनाही केली होती, परंतु रात्र गाजवली ती जुन्या रचनेने. सभागृह, वेळ आणि ऐकणारे जुळून येईपर्यंत एखादी चांगली रचनाही वर्षानुवर्षे पडून राहू शकते, त्यामुळे यापूर्वी दाद मिळाली नाही म्हणून आपली जुनी गाणी टाकून देऊ नयेत. मात्र एक फरक लक्षात घ्यावा: एलिंग्टन यांचा बँड पडत्या काळातही वाजवत राहिला होता, म्हणूनच त्या रात्री सॅक्सोफोनवाल्याच्या मागे ताल धरणारे हात तयार होते.

एकटा गिटारवाला:

सर्वांचे आभार. त्या सभागृहाच्या साउंडवाल्यांना निरोप पाठवला आहे. मॉनिटर माइकच्या अगदी मागेच होता असे त्यांनी कळवले. आयोजकांना पुन्हा बोलावण्याविषयी विचारावे असे मनात आहे, परंतु ते लोचटपणाचे वाटेल का?

जुना कीबोर्डवादक:

मुळीच नाही, मात्र या आठवड्यातच विचारावे, कारण आयोजकांच्या डोळ्यांसमोर तो कार्यक्रम अजून ताजा आहे. पत्र चार ओळींचे असावे आणि सोबत लोकांनी धृपद उचलले त्या भागाचे मिनिटभराचे चित्रण जोडावे. ‘संधी द्यावी’ असे मोघम लिहू नये, तर पुढच्या दोन महिन्यांतील आपल्याला मोकळ्या असलेल्या तारखा कळवाव्यात आणि या वेळी मानधनाचाही स्पष्ट उल्लेख करावा.